गांजा-अफूच्या शेतीची केस आणि जामीन: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी शिरपूर-धुळे पट्ट्यात फौजदारी कामं बघतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळा सरला की पेपरात बातमी ठरलेली, अमुक शिवारात गांजाची शेती उद्ध्वस्त, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त, सोबत झाडं हातात धरून पोलिसांचा ग्रुप फोटो. बातमी तिथे संपते आणि आमचं काम तिथून सुरू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पायरीवर एक म्हातारा, एक बाई आणि गावातला कोणीतरी "समजदार" माणूस बसलेला असतो, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि घडी पडलेली एफआयआरची झेरॉक्स. प्रश्न दरवेळी तेच असतात म्हणून एकदाचे लिहून काढले. हे वाचून केस लढवू नका, पण वकिलाशी बोलताना काय विचारायचं ते कळेल.

शेतात गांजा सापडला म्हणजे जामीन होतच नाही ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो गावातच नाही तर कधीकधी काळ्या कोटातही दिसतो. एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) म्हटलं की "वर्षभर विसरा" असं सांगून टाकतात.

एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, म्हणजे पोलीस ठाण्यातूनच जामीन घेऊन घरी आला असं होत नाही, ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या गाजलेल्या अभिनेत्रीच्या केसमध्ये हेच सांगितलं होतं. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन अशक्य नव्हे, कोर्टाकडे मागावा लागतो एवढंच. अवघड होतं ते कलम ३७ लागलं तर. आणि नुसत्या लागवडीच्या केसला कलम ३७ लागतं का, हाच खरा मुद्दा आहे.

गांजाच्या झाडाची लागवड केली तर कलम २०(अ), शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. "पर्यंत" हा शब्द बघा, कमीत कमी किती ते लिहिलेलंच नाही. आणि यात एक झाड की हजार झाडं असाही भेद नाही, त्यामुळे "साहेब दोनच झाडं होती" म्हणून गुन्हा पुसला जात नाही, पण हजार झाडं आहेत म्हणून आपोआप कलम ३७ पण येत नाही.

मग कलम ३७ कधी लागतं?

तीन ठराविक कलमं (१९, २४, २७-अ) आणि ज्या गुन्ह्यात "व्यावसायिक प्रमाण", म्हणजे कोर्टात सगळे म्हणतात ती कमर्शियल क्वांटिटी असेल ते. तिथे सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावी लागते, आणि त्यांनी विरोध केला (करतातच) तर न्यायाधीशाला दोन गोष्टी पटाव्या लागतात: हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर आल्यावर हा परत गुन्हा करणार नाही. केस चालायच्या आधीच दोषी नाही असं पटवायचं, म्हणजे गणित उलटंच झालं की नाही.

२७-अ वर लक्ष ठेवा. ते पैसा पुरवणाऱ्यासाठी आहे. बियाणं आणि उचल देणारा व्यापारी असेल तर त्याच्यावर ते लागू शकतं, पण कधीकधी शेतमजुरावर पण लावून ठेवतात, रिमांडच्या वेळी कोणी हरकत घेत नाही आणि मग जामिनाच्या दिवशी तेच आडवं येतं.

कमर्शियल म्हणजे किती किलो?

१९ ऑक्टोबर २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत तक्ता आहे. गांजा: एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर कमर्शियल, मधलं ते मधलं. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो. अफूची बोंडं-काड (डोडा म्हणतात ते) एक किलो आणि पन्नास किलो.

या तक्त्यात "गांजाचं झाड" नावाची ओळ नाहीये. गांजा आहे, झाड नाही. अर्धा युक्तिवाद इथे उभा राहतो.

एफआयआरमध्ये ८५ किलो लिहिलंय, म्हणजे आता कलम ३७ आलंच का?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

शेतात धाड पडते तेव्हा काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पोलीस, दोन पंच, फोटोग्राफर आणि गावातला किराणा दुकानवाला, कारण वजनकाटा त्याचा. तुरीच्या ओळींमधून कमरेएवढी, डोक्याएवढी झाडं मुळासकट उपटतात, मुळांना काळी माती लोंबत असते, पहाटेचं दव असतं, सगळं गोणपाटात किंवा ताडपत्रीत बांधून काट्यावर. आकडा येतो ८५ किलो. पंचनाम्यात ठरलेलं वाक्य पडतं, "हिरवट रंगाची, उग्र वासाची, गांजासदृश झाडे". आणि कलम लागतं २०(ब) मधलं, म्हणजे गांजा बाळगण्या-विकण्याचं, तेही कमर्शियलचं, दहा ते वीस वर्षं.

आता कायद्यात गांजा म्हणजे काय ते बघा. कलम २ मध्ये व्याख्या आहे, गांजा म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर ती धरायची नाहीत. मूळ, खोड, फांदी, माती यांचा तर विषयच नाही. म्हणजे ८५ किलोतला गांजा किती? कोणालाच माहीत नाही, कारण कोणी वेगळा करून मोजलाच नाही. ओल्या झाडाचं वजन वाळल्यावर किती उरतं हे शेतकऱ्याला सांगायला नको.

म्हणून जामीन अर्जात दोन गोष्टी मांडायच्या. एक, उभं पीक म्हणजे लागवड, कलम २०(अ), त्याला प्रमाणाचा तक्ताच लागू नाही म्हणून ३७ नाही. दोन, समजा २०(ब) धरलं तरी शेंड्यांचं वजन वीस किलोच्या वर होतं हे कागदावर कुठे दिसतं ते दाखवा. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका ४८ किलोच्या केसमध्ये, माल हिरवट पाल्यासारखा आहे आणि फुलांच्या शेंड्यांचा उल्लेखच नाही या मुद्द्यावर अटकपूर्व जामीन दिलाय. ती शेतीची केस नव्हती, पण व्याख्या तीच आहे.

पण हे रामबाण नाही हेही सांगतो. सरकारी वकील व्याख्येतलं दुसरं टोक पकडतात, पानं शेंड्यासोबत असली तर ती धरायची असं कायदाच म्हणतो, आणि झाडाला शेंडे होतेच की. शिवाय एप्रिल २०२० चा सुप्रीम कोर्टाचा हिरासिंग निकाल पुढे करतात, भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं असं त्यात आहे. तो निकाल अमली पदार्थात दुसरं काही मिसळलंय अशा मालाबद्दल आहे, झाडाच्या मुळांबद्दल नाही, हे उत्तर आपल्याकडे तयार पाहिजे. आणि पंचनाम्यात "फुलं-बोंडं धरलेली झाडे" असं स्पष्ट असेल, शेंडे तोडून वेगळं वजन केलेलं असेल, किंवा घरात-झोपडीत वाळवलेला माल पोत्यात सापडला असेल तर मग हा मुद्दा बराच पातळ होतो. पोत्यातल्या वाळलेल्या मालाला उभं पीक म्हणता येत नाही, उगाच तिथे आवाज चढवू नये.

आमच्याकडे गांजा नाही, अफू सापडलीये. आम्हाला वाटलं खसखस आहे.

खसखस अफूच्याच बोंडातून येते, स्वयंपाकघरातली खसखस कायदेशीर आहे, पण ते झाड लावायला केंद्राचं लायसन्स लागतं आणि ते मिळतं मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागात, नीमच-मंदसौर-चित्तोडगड असा पट्टा, ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रात नाही. २०१२ च्या सुरुवातीला बीडमध्ये परळीच्या बाजूला अफूची शेती सापडली तेव्हा राज्यभर गाजलं होतं.

अफूच्या लागवडीला कलम १८. इथे शिक्षा प्रमाणाप्रमाणे आहे, त्यामुळे पोलीस उभी झाडं उपटून वजन करतात आणि "डोडा, पन्नास किलोच्या वर, कमर्शियल" असं लावतात. इथेही व्याख्या वाचा: डोडा म्हणजे "कापणीनंतरचे" झाडाचे भाग, बिया सोडून. शेतात उभं असलेलं पीक पोलिसांनीच उपटलं तर कापणी कोणी केली? हसू येतं पण मुद्दा कायद्याचा आहे.

"आम्हाला माहीत नव्हतं" हा बचाव जामिनाच्या वेळी फार ओढू नका. कलम ३५ प्रमाणे आरोपीला माहीत होतं असं कोर्ट गृहीत धरतं, ते खोडायचं ओझं आपल्यावर. बोंडांना चिरा मारून चीक काढलेला असेल तर खसखशीची गोष्ट कोणी ऐकत नाही. चिरा नसतील, पंचनाम्यात त्याचा उल्लेखच नसेल, तर मात्र ते जरूर दाखवा.

सातबारा वडिलांच्या नावावर, शेत करतो बटईदार, आणि पोलिसांनी उचललं मुलाला. हे कसं?

नेहमीचं आहे. गुन्हा "लागवड करणाऱ्याचा" आहे, सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याचा नाही. कलम ५४ मध्ये झाडाबद्दल आरोपीविरुद्ध गृहीतक आहे खरं, पण त्याचे शब्द असे की "त्याने कसलेल्या जमिनीवर" उगवलेलं झाड. म्हणजे आधी त्याने जमीन कसली हे सरकारने दाखवायचं, मग गृहीतक.

२००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याला याच कारणाने सोडलं. जमीन एकट्याची नव्हती, बाप-भावांची होती, आणि त्यानेच झाडं लावली याचा पुरावा नव्हता. तो निकाल पूर्ण केस चालल्यानंतरचा आहे, जामिनाचा नाही, तरी अर्जात जोडायला चांगला.

कागद कोणते आणायचे ते लिहून घ्या. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीकपेऱ्याची नोंद, ई-पीक पाहणी केली असेल तर तिचा फोटो-नोंद, वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र, बटईचं लिहून घेतलं असेल तर ती चिठ्ठी (बहुतेक वेळा नसतेच, तोंडी व्यवहार). आणि पंचनाम्यातल्या चतुःसीमा सातबाऱ्याच्या गट नंबराशी जुळतात का ते पेन घेऊन तपासा. एका केसमध्ये पंचनाम्यात पूर्वेला नाला लिहिला होता आणि गटाच्या नकाशात नाला पश्चिमेला, म्हणजे धाड पडली ती शेजारच्या बांधावर. ते वकिलाला नाही, आरोपीच्या बायकोला सापडलं, ती म्हणाली "भाऊ, नाला तर सूर्य बुडतो तिकडे आहे ना आमचा."

मालकाला मात्र एक धोका वेगळा आहे. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत असं पीक दिसलं तर मालकाने लगेच कळवायचं असतं, माहीत असून गप्प बसला तर तोही गुन्हा. कलम ४७ मध्ये सरपंच, पंच आणि गावचे कर्मचारी यांच्यावरही तीच जबाबदारी टाकलीये, ते कोणाला फारसं माहीत नसतं.

जमीन वनखात्याची आहे. कोणाच्याच नावावर नाही.

आमच्याकडच्या निम्म्या केसेस अशाच, डोंगराच्या आतल्या वनजमिनीवर. धाडीच्या वेळी शेतात कोणी नसतं, मग "गोपनीय बातमीदाराकडून समजलं की सदर शेती अमुक करतो" एवढ्यावर नाव येतं. अशा वेळी विचारायचं, कब्जा कशावरून? वनहक्काचा दावा २००६ च्या कायद्याखाली केलाय का, त्यात हा तुकडा आहे का, झोपडीत त्याच्या नावाचा एखादा कागद, रेशनकार्ड, बिल सापडलं का? काहीच नसेल तर जामिनाला चांगली केस. उलट त्याच तुकड्याचा वनपट्टा आरोपीच्या नावावर निघाला तर तो कागद आपल्याविरुद्ध बोलतो, आणि घरच्यांनी तोच कागद अभिमानाने आणलेला असतो, म्हणून कोणताही कागद कोर्टात द्यायच्या आधी वकिलाला दाखवा.

झाडं आपोआप उगवली असं म्हणता येतं का?

येतं, आकडा पटण्यासारखा असेल तर. बांधावर, उकिरड्याजवळ दोन-चार झाडं विखुरलेली असतील तर बी पडून उगवली हे शक्य आहे, २००४ च्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने हीही शक्यता बोलून दाखवलीये. पण ओळीत, सारख्या अंतरावर, ठिबक टाकून उगवलेली दोनशे झाडं आपोआप आली असं म्हटलं तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतात.

पोलिसांपुढे कबूल केलंय. किंवा दुसऱ्या आरोपीने आमच्या माणसाचं नाव घेतलंय.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. आधी एनसीबी वगैरे कलम ६७ खाली जबाब घ्यायचे आणि ते चालायचे, २९ ऑक्टोबर २०२० च्या तोफानसिंग निकालात सुप्रीम कोर्टाने तेही बंद केलं. त्यामुळे तुमच्या माणसाविरुद्ध फक्त सहआरोपीचा जबाब असेल, त्याच्याकडून काही जप्त नसेल, तो शेतात नव्हता, जमीन त्याची नाही, तर कमर्शियल असली तरी जामिनाची आशा धरा. फोन कॉल आणि बँकेतले पैसे मात्र जबाबात येत नाहीत, तो वेगळा पुरावा. "मी फक्त फोनवर बोललो" असं कोणी सांगितलं की मी आधी किती वेळा ते विचारतो.

नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतले नाहीत, पंचनाम्यात चुका आहेत. यावर जामीन मिळतो का?

पूर्वी या मुद्द्यावर बरेच जामीन झाले. कलम ५२-अ प्रमाणे मालाची यादी, फोटो, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला पाहिजेत, २०१६ च्या मोहनलाल निकालात सुप्रीम कोर्टाने ते ठासून सांगितलं, डिसेंबर २०२२ पासून त्याचे नवीन नियमही आलेत. पण डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनसीबीच्या एका केसमध्ये म्हटलं की ५२-अ ला उशीर झाला एवढ्यावर जामीन नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या केसमध्येही साधारण तोच सूर होता. म्हणून जुन्या निकालांची जाडजूड फाईल घेऊन कोणी "हमखास होईल" म्हणत असेल तर २०२४ नंतरचं काय ते विचारा.

शेतीच्या केसमध्ये मी हा मुद्दा एकटा वापरत नाही, वजनासोबत जोडतो. नमुना पानाचा घेतला की शेंड्याचा? किती झाडांमधून घेतला? सीए रिपोर्टमध्ये (रासायनिक तपासणीच्या अहवालात) लॅबला काय मिळालं, "वाळलेली पाने व काड्या" की "फुलोऱ्याचे शेंडे"? सगळ्या झाडांचा एकच ढीग करून वरून मूठभर उचललं असेल तर बाकीची पोती काय होती? असं जोडून मांडलं की तांत्रिक चूक राहत नाही, सरळ प्रमाणाचाच प्रश्न होतो.

अटकेची कारणं लेखी दिली का तेही बघा. हे आता फार कडक झालंय, नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची, कुठलाही गुन्हा असो, आणि रिमांडला हजर करायच्या निदान दोन तास आधी. घरात फक्त पावरी बोलणाऱ्या माणसाला शुद्ध सरकारी मराठीतला छापील कागद देऊन अंगठा घेतला तर ते कळलं म्हणायचं का, हा प्रश्न पहिल्या रिमांडलाच विचारा, नंतर नाही.

चार्जशीट किती दिवसांत? नाही आली तर?

कमर्शियल क्वांटिटी असेल तर १८० दिवस, आणि सरकारी वकिलाने तपास कुठवर आलाय आणि अजून कोठडी का पाहिजे याची ठोस कारणं देऊन रिपोर्ट दिला तर कोर्ट एक वर्षापर्यंत वाढवू शकतं. नुसतं "सीए रिपोर्ट बाकी आहे" असं एका ओळीचं लिहिलं असेल तर भांडायला जागा आहे.

कमर्शियल नसेल, फक्त २०(अ) असेल तर साधा फौजदारी नियम. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) २०१७ च्या सुप्रीम कोर्ट निकालाप्रमाणे, ज्या गुन्ह्यात किमान शिक्षा दहा वर्षं नाही तिथे ६० दिवस. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी बीएनएसएस आलं आणि कलम १८७(३) मध्ये शब्द थोडे बदलले, त्यावरून वाद घातला जातो. माझा सल्ला सरळ आहे, चार्जशीट आली नसेल तर ६१ व्या दिवशी सकाळी जामिनाचा अर्ज टाका, फेटाळला तर ९१ व्या दिवशी परत. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, मार्च २०२३ मध्ये ते पक्कं झालंय.

आणि अर्ज चार्जशीट यायच्या आधी पाहिजे. दुपारी दोनला चार्जशीट आली आणि तुमचा अर्ज तीनला, तर गेलं. हा हक्काचा जामीन आहे, यात वजन, पुरावा, कलम ३७ काही बघत नाहीत, पण न मागणाऱ्याला तो मिळत नाही. सीए रिपोर्टशिवाय आलेली चार्जशीट पूर्ण म्हणायची का, यावर हायकोर्टांचं एकमत नाहीये, तेव्हा त्या मुद्द्यावरही अर्ज करून ठेवायला हरकत नाही.

अटकपूर्व होतो का?

कायद्याने बंदी नाही, पण कमर्शियल असेल तर तिथेही ३७ आडवं येतं आणि कोर्टं हात आखडतात. जमीन नावावर आहे पण कसतो दुसरा, किंवा फक्त सहआरोपीने नाव घेतलंय, अशा केसमध्ये प्रयत्न करावा. सहा महिने नातेवाईकांकडे लपून राहून मग अटकपूर्व मागायला येतात, तेव्हा फरारी होता हाच मुद्दा सगळ्यात मोठा होऊन बसतो.

अर्ज कुठे करायचा?

जिल्ह्याच्या एनडीपीएस विशेष कोर्टात, म्हणजे सेशन्सला. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे या केसमध्ये जामीन मागून वेळ घालवू नका. सरकारी वकिलांचा "से" आणि तपास अधिकाऱ्याचं म्हणणं यायला एक-दोन तारखा जातात. फेटाळला तर हायकोर्ट: धुळे-नंदुरबार-जळगाववाले छत्रपती संभाजीनगर खंडपीठ, बुलढाणा-अकोलावाले नागपूर, आणि सांगली-सातारा-सोलापूरवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, मुंबईची फेरी वाचली.

घाई करून पोलीस कोठडी चालू असतानाच पहिला अर्ज टाकून तो फेटाळून घेऊ नका असं मी सांगतो. वजनाचा मुद्दा असेल तर निदान पंचनाम्याची नक्कल हातात येऊ द्या. घरच्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं वकील ढकलतोय.

तीन वर्षं झाली, साक्षीदारच येत नाहीत.

मग ३७ असलं तरी मार्ग आहे. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या गांजाच्या केसमध्ये सात वर्षांच्या वर आत असलेल्याला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला आणि म्हटलं की ३७ अगदी शब्दशः वाचलं तर कोणालाच कधी जामीन मिळणार नाही. जुलै २०२३ मध्ये ओडिशाच्या केसमध्ये दोनशे किलोच्या वर गांजा असून साडेतीन वर्षांच्या कैदेवर जामीन झाला. याशिवाय बीएनएसएसचं कलम ४७९ आहे, पहिलाच गुन्हा असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर. २०(अ) ला दहा वर्षं कमाल, म्हणजे तीन वर्षं चार महिने. एकापेक्षा जास्त केसेस असतील तर हे मिळत नाही. अशा अर्जाला रोजनामा जोडा, कुठल्या तारखेला कोणामुळे काम पुढे गेलं ते त्यात दिसतं, आणि आपल्याच वकिलाने सात वेळा तारीख मागितली असेल तर तेही दिसतं.

कुंडीत दोन झाडं होती, गोव्यात भाड्याच्या घरात. तरीपण?

तरीपण २०(अ) लागतं, जमीन किती असावी असं कायद्यात नाही. पण अशा केसमध्ये ३७ बहुतेक येत नाही. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात कोणाची कुंडी यावरच सगळं चालतं.

कलेक्टरकडे परवानगी मागून लावता येत नाही का?

२०२१ मध्ये सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने खरंच मागितली होती, बाकी पिकांना भाव नाही म्हणून दोन एकर गांजा लावू द्या असा अर्ज, उत्तर नाही आलं तर परवानगी समजतो असंही लिहिलं. त्याने दुखणं सांगितलं, पण अशी "समजलेली" परवानगी कोर्टात शून्य. उत्तराखंडने औद्योगिक भांगेला परवाने दिलेत, ते वेगळं वाण आणि वेगळे नियम, व्हॉट्सॲपवर आलेला तो फॉरवर्ड दाखवून इथे काही होत नाही.

वकिलाला पैसे नाहीत.

कोठडीत असलेल्या माणसाला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, हेल्पलाईन १५१००. फुकटचा म्हणजे कच्चा असं समजू नका, आमच्याकडे त्यातले दोघं-तिघं एनडीपीएसमध्ये माझ्यापेक्षा बरे आहेत.

आणि जमीन विकून फी भरू नका. "साहेबांपर्यंत पोचवायचे" म्हणून कोणी वेगळे मागितले तर तो तुम्हालाच पोचवतोय.

जामीन मंजूर झाला पण माणूस अजून आतच आहे?

ऑर्डर आणि सुटका यात जामीनदार असतो. पंचवीस-पन्नास हजाराचा जामीन म्हणजे तेवढ्या ऐपतीचा माणूस उभा करायचा, त्याचा सातबारा, आधार, फोटो, आणि कोर्टाने मागितला तर तहसीलचा ऐपतीचा दाखला, तो मिळायलाच आठवडा जातो. गांजाच्या केसला गावातला कोणी पटकन जामीन राहत नाही, उद्या आपल्यालाच पोलीस बोलावतील म्हणून घाबरतात. जामीनदार मिळत नसेल तर कोर्टाला सांगा. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सात दिवसांत सुटका नाही झाली तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्यात जामीनदार नाही मिळाला तर कोर्ट अट सैल करू शकतं. रोख रक्कम तात्पुरती भरून जामीनदाराला मुदत मागता येते.

अटी ठरलेल्या: आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी, साक्षीदारांना भेटायचं नाही, जिल्हा सोडायचा नाही. फोनचं लोकेशन पोलिसांना सतत दाखवत राहा अशी अट चालत नाही, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती काढून टाकलीये. हजेरीची अट मात्र मनावर घ्या. ऊसतोडीला जायचं असेल तर आधी अर्ज करून परवानगी काढा, नाहीतर दोन हजेऱ्या चुकल्या की सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज टाकतात.

मागच्या हंगामात एका म्हाताऱ्याने मुलासाठी स्वतःच जामीनदार व्हायची तयारी दाखवली, सातबारा काढला तर तोच गट, जिथे धाड पडली होती. क्लार्कने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या साडूला साक्रीहून बोलावलं, तो संध्याकाळच्या एसटीने आला, सही झाली साडेपाचला, आणि तोवर जेलची बंदी झालेली, म्हणून पोरगा सुटला दुसऱ्या दिवशी.